बराबर म्हटलं की गंमत

आमच्या आईला वाचता येत नाही. वडील गेल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद मीच तिला वाचून दाखवत आलो: लग्नपत्रिका, बँकेचा मेसेज, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख. मी वाचलं की ती मान हलवायची आणि कामाला लागायची. दुसऱ्या कुणाला विचारायची नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावरच आलं.

मी भोकरदनच्या बाजूच्या एका गावात शिकवणी घेतो. शिकवताना दर दोन वाक्यांनी 'बराबर?' म्हणायची मला खोड आहे. म्हणजे कळलं ना, पुढे जाऊ ना. काही वर्षांपूर्वी गावातल्या केबलवाल्याने माझ्या वर्गाशेजारच्या खोलीत कॅमेरा मांडला आणि आवाज खणखणीत म्हणून बातम्या वाचायला मला बसवलं. बातम्या म्हणजे काय, तर बाजारभाव, बसच्या वेळा, कुणाकडे दहावा आणि कुणाकडे बारसं. महिनाभरात लोक कंटाळले. केबलवाला म्हणाला, थोडं हसवा सर, मोठे चॅनलवालेसुद्धा हसवतात. मग शेवटची पाच मिनिटं आम्ही चेष्टेच्या बातम्या द्यायला लागलो. तेच टेबल, तोच कोट, तोच माझा मख्ख चेहरा. जालन्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना नंबर देण्यात आले असून बस यापुढे खड्डा क्रमांक चौदावर थांबेल, हे मी पापणी न हलवता वाचलं. गाव पोट धरून हसलं. मलाही, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढे एकदा वाचलं की शेळ्यांनाही आता आधार कार्ड काढावं लागणार. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे बाबा शेळीला घेऊन सेवा केंद्रासमोर रांगेत उभे. सकाळपासून दुपारपर्यंत उभे होते, आणि माहीत असून कुणी त्यांना सांगितलं नाही. शेवटी कळलं तेव्हा ते ओशाळून शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला लाज वाटली. त्या दिवशी आम्ही एक खूण ठरवली: चेष्टेची बातमी असेल तर शेवटी 'बराबर?' म्हणायचं, आणि खऱ्या बातमीत तो शब्द चुकूनही काढायचा नाही.

माझी खोड गावाची झाली. पुढारी टपरीवर आश्वासन देऊन वळला की मागून कुणीतरी 'बराबर?' म्हणायचं आणि चहाचे ग्लास हातात धरून सगळे हसायचे. मोठ्या चॅनलवर निवेदक ओरडायला लागला तरी तेच. आई तर बातम्यांसमोर बसून त्या एका शब्दाची वाट बघायची. तो आला की तोंडाला पदर लावून हसायची.

काळजी मागाहून आली. एका अपघाताची बातमी दिली, तर अपघातात सापडलेल्या माणसाच्या भावकीतल्याच एकाने मला रस्त्यात अडवलं. म्हणाला, सर, ते खरं होतं का हो, माझं शेवटचं ऐकायचं राहून गेलं. त्याच्या ओठांवर हसू तयारच होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. केबलवाल्याला म्हणालो, बंद करू हे. तो म्हणाला, नुसत्या खऱ्या बातम्या बघतंय कोण, सर? खरं म्हणजे मलाही बंद करायचं नव्हतं. रस्त्याने जाताना लोक हात करायचे, त्याची चटक लागली होती.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी शिकवणी चालू असताना पाणी सोडणाऱ्या माणसाचा फोन आला. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकीत मापाने पडायची, ती चुकून अख्खी गोणी पडली होती आणि पाणी नळांना सुटलं होतं. त्याला धड बोलताही येत नव्हतं. मी खडू हातात धरूनच शेजारच्या खोलीत गेलो आणि कॅमेरा चालू करायला सांगितलं. कोट घातला नाही. तीनदा सांगितलं, टाकीचं पाणी पिऊ नका, भरलेलं ओतून द्या, लेकरांना देऊ नका. आणि वर्गातून उठून आलेला मी शेवटी बोलून गेलो, "कळलं ना सगळ्यांना? बराबर?"

केबलवाला माझ्याकडे बघतच राहिला. मी पुन्हा सुरुवात केली, ही बातमी खरी आहे म्हणालो, शपथ घेतली. त्यावर गावाच्या ग्रुपवर हसणारे चेहरे येऊन पडायला लागले. एकाने लिहिलं, आज सर भलतेच रंगात आहेत. आईला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग गाडी काढली आणि गल्लीगल्लीतून ओरडत निघालो, पाणी पिऊ नका. नळावर घागर भरणाऱ्या एका बाईने मान वर केली आणि हसून विचारलं, "बराबर?" मला तिच्या हातातली घागर हिसकून फोडावीशी वाटली.

आई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तिला उलटी झाली होती आणि तिने गळा धरला होता.

"मी आयकलं होतं रे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पन तू शेवटी बराबर म्हनला. मंग हासत हासत तांब्याभर पेले. वास आल्ता, पन पावडरीचा वास तर रोजच येतो."

तिला घेऊन जालन्याला निघालो. वाटेत केबलवाल्याचा फोन आला की मशिदीच्या आणि विहाराच्या भोंग्यावरून सांगितल्यावर लोकांनी पाणी ओतलं. मला हायसं वाटलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सबंध रस्ताभर मी आईचा श्वास ऐकत होतो.

दुपारी डॉक्टर म्हणाले, घशाला इजा आहे, पण जिवाला धोका नाही, दोन दिवस ठेवू. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी लिहिलेला कागद घेऊन मी आईच्या खाटेशी गेलो.

"आई, घाबरायचं काही न्हाई म्हणून राह्यले डॉक्टर," मी म्हणालो. "परवा घरी जाऊ."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं बोलणं संपलं तरी बघत राहिली. मग तिने माझ्या हातातला कागद घेतला आणि शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या, कॉलेजात शिकत असेल अशा एका मुलीपुढे धरला.

"बाई, तुला वाचता येतं ना? यात काय लिव्हलंय, सांग मला जरा."

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाचून सांगितलं. मी सांगितलं होतं तेच होतं. मग आईने मान हलवली.