टाळ्यांवर पाठ केलेली स्पेलिंगं

सहावीत शाळा सुटली, तेव्हा इंग्रजीची एबीसीडी तेवढी पदरात होती. दुबईत करामातल्या ज्या घरात मी स्वयंपाक करते आणि मूल सांभाळते, तिथल्या ताईंना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी त्यांनी ठेवून घेतलं. ते उपकार मी विसरत नाही. माझा व्हिसा त्यांच्याकडून आहे. त्यांनी नको म्हटलं की खलास.

म्हणून त्यांची दुसरीतली मुलगी स्पेलिंगला मागे पडायला लागली, तेव्हा माझीच झोप उडाली.

"मावशी, संध्याकाळी तुम्ही घ्याल का तिचं? शीटवर सगळं छापलंय. नाहीतर ट्यूशन लावायची, म्हणजे मग दोन्ही परवडायचं नाही बघा."

दोन्ही म्हणजे ट्यूशन आणि मी.

मला एकच रीत ठाऊक, आमच्या शाळेतली. पाढ्यांसारखं उभं राहून, मोठ्यानं, चालीवर. वॉक-वॉक्ड, जंप-जंप्ड. स्टॉप्डमध्ये पी दोनदा येतो, तिथं दोन टाळ्या. कॅरीचा वाय जाऊन आय येतो, तिथं पाय आपटायचा.

"मावशी, धिस इज डान्स!"

"डान्स तर डान्स. यल्ला, चल, परत म्हण."

आठवड्याभरात एकही चुकेना. ताई दारात उभ्या राहून ऐकायच्या, हसायच्या. मला जरा झोप लागायला लागली.

टेस्टच्या दिवशी ती बसमधून उतरली आणि माझा हात न धरता लिफ्टकडे गेली. घरात आल्यावर बोलली. लिहिताना तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, सायलेंट. पोरं हसली. मग तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आणि पुढचं काही आठवेचना.

"इट डझंट कम विदाउट द क्लॅप," ती म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

ताई ऑफिसातून आल्या, त्यांनी पेपर पाहिला. "तुमची काही चूक नाही हो, मावशी. पण आता ट्यूशन लावायलाच हवी. तुमच्यासाठी दुसऱ्या कामाचं मी ओळखीत विचारते."

"चालेल, ताई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता ट्यूशनच्या मॅडम दार लावून शिकवतात. आतून आवाज येत नाही. मुलगी बरोबर लिहायला लागलीय म्हणे. मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही. फक्त ताईंचा फोन वाजला की हातातलं लाटणं थांबतं. कुणी कामाला बोलावतंय, की माझं परतीचं तिकीट काढलं, ते त्या बोलेपर्यंत कळत नाही.