ओहोटीला अध्यक्षीय भाषण

आयर्लंडमधल्या कॉर्कहून बस निघाली, तेव्हा मी सर्वांत पुढे बसलो होतो. एवढं नेतृत्व मला प्रशिक्षणाआधीच येत होतं. आमच्या कॉलेजातल्या भारतीय विद्यार्थी मंडळाचा मी अध्यक्ष. टाळेबंदीत ऑनलाइन निवडणूक झाली, बाकी सगळे कॅमेरे बंद करून झोपले होते, मी जागा होतो, म्हणून बिनविरोध.

आता २०२१च्या शरदात कॉलेजातल्या सगळ्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांचं दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर होतं. उत्तीर्ण झालो तरच मंडळाला मान्यता, आणि मान्यता असेल तरच दिवाळीला हॉल.

“हॉल गेला, तर सत्तर जणांचा फराळ तुझ्या किचनमध्ये,” आमची सचिव, नागपूरची मुग्धा, मास्कमागून म्हणाली.

गॉलवे मागे पडलं आणि झाडं संपली. उरले दगडी गडगे, मेंढ्या आणि दर दहा मिनिटांनी मत बदलणारं आभाळ. रात्रीच्या जेवणात शाकाहारी म्हणून मला बटाट्यांबरोबर तोंडीलावणं मिळालं: बटाटे.

सकाळी प्रशिक्षक नोरा आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेली आणि मला म्हणाली, “समोरचं बेट दिसतंय? ओहोटीत वाळूवरून चालत जाता येतं. या सहा जणांना घेऊन जा आणि साडेअकराच्या आत परत आण. बस्स.”

बस्स? कार्यक्रमपत्रिका नाही, प्रास्ताविक नाही? आयोजनातली ही उणीव मी भरून काढायचं ठरवलं.

बेटावर पोहोचताच मी सर्वांना एका पडक्या चर्चपाशी उभं केलं. प्रास्ताविक केलं. प्रत्येकाला परिचय द्यायला लावला. मग सॅकमधून शाल-श्रीफळ काढलं (हो, कॉर्कहून नेलं होतं) आणि नाट्यमंडळाच्या कॉनरचा ज्येष्ठ म्हणून सत्कार केला. तो बावीसचा होता.

“हे आता कुणाच्या डोक्यावर फोडायचं?” नारळ हातात तोलत त्याने विचारलं.

मी अध्यक्षीय भाषणाकडे वळलो. “लांबवणार नाही,” असं तिसऱ्यांदा म्हणत होतो, तेवढ्यात मुग्धा ओरडली, “भाषण काय देऊन राहिला बे! मागे पाहा!”

पाहिलं. आलो ती वाट समुद्राने परत घेतली होती.

“कमरेएवढंच असेल,” मी म्हणालो. “पळू या.”

“कोणीही पाण्यात पाय घालायचा नाही,” मुग्धा म्हणाली. तिने डोकी मोजली, नोराला फोन केला आणि जवळच्या घराचं दार वाजवलं.

दार उघडणाऱ्या आजोबांना आमचं काहीच नवल वाटलं नाही. “भरती उतरेपर्यंत बसा. सगळं ग्रँड होईल.” त्यांनी चहा आणि सफरचंदाचा केक दिला. मुग्धाने ओल्या वाळूत भिजलेले सगळ्यांचे मोजे शेगडीपाशी वाळत घातले, थंडीने कुडकुडणाऱ्या एका पोरीला आपलं जाकीट दिलं. मी केक खाल्ला.

संध्याकाळी वाळू उघडी पडली. पलीकडे नोरा फॉर्म घेऊन उभी.

“वेळ चुकली, पण सगळे सुखरूप आलात. म्हणून ज्याने खरंच नेतृत्व केलं, तो उत्तीर्ण. मात्र यंदा आपलं मंडळही अध्यक्ष म्हणून त्यानेच चालवायचं. कोण तो?”

पाच बोटं मुग्धाकडे वळली. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. कॉनरने तर शाल सावरली. मी अडून बसलो असतो, तर दिवाळी बुडाली असती. मी सहावं बोट उचललं.

कॉर्कला परतताना मुग्धा हॉलची तारीख पक्की करत होती, आणि मी विचार करत होतो: वर्षभराच्या अध्यक्षपदात मी घेतलेला हा पहिला निर्णय. कोणीही जांभई न देता मंजूर झालेला.