धावपट्टी संपल्यावर

खरं सांगतो, देवाचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. आमचे आजोबा मेंढरं राखायचे. बिरोबाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. मी मात्र इस्लामपुराकडं साखर कारखान्यात इंजिनिअर झालो, निवृत्तीनंतर हौसेनं विमान चालवायला शिकलो, आणि विमानाला भंडारा लावणाऱ्या बायकोला हसलो. "अहो, चिमूटभर हळदीनं तुमचं विमान जड होत नाही," ती म्हणाली.

त्या सकाळी तिला कोयनेचं पाणी वरून दाखवलं. रात्री पाऊस होऊन गेलेला, खाली धुकं, डोंगर त्यात तरंगत होते. ती काचेला नाक लावून बसली होती. त्याच तंद्रीत मी परतलो आणि आमच्या लहानशा धावपट्टीवर फार वेगात, फार पुढे टेकलो. चूक माझीच. ब्रेक दाबले, पण ओल्या पट्टीवर चाकं नुसती घसरत राहिली.

पट्टी संपत आली. पलीकडे बांध, बांधाशी विहीर. मी थ्रॉटल पुढे रेटू लागलो: इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा उडायचं! एवढ्या अंतरात विमान उचलणार नाही हे ठाऊक होतं, पण हार मानायला मन तयार नव्हतं. इतक्यात तिचा हात माझ्या हातावर आला. "बिरोबा, आता तुझं तू बघ," ती हळूच म्हणाली. काय झालं कुणास ठाऊक, मी थ्रॉटल मागे ओढला. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं संथ झालं. समोर खांद्यावर घोंगडं घेतलेला एक म्हातारा दोन्ही हातांनी डावीकडे खुणावत होता. मी डावीकडे वळवलं. नांगरलेल्या ओल्या रानात चाकं रुतली आणि विमान हिसका खाऊन थांबलं. ती जिवंत होती. तिला धरून मी ओक्साबोक्शी रडलो.

म्हातारा धावत आला, त्यानंच दार ओढून आम्हाला बाहेर काढलं. मी त्याचे पाय धरले. "बाबा, तुम्ही हात केलात म्हणून वाचलो."

"आवं सायेब, तुमाला कुठं हात केला?" तो गोंधळला. "मेंढरं बुजून हिरीकडं पळाली, तेस्नी रानात वळवत हुतो."

रानाच्या पार टोकाला मेंढरं कोंडाळं करून उभी होती. बायको त्यांच्याकडं बघत राहिली. "मग आपणही त्यातलेच की हो," ती म्हणाली.

या वेळी मला हसू आलं नाही. बिरोबा, जन्मभर स्वतःला राखणारा समजत आलो. तू कळपात घेतलंस, एवढं पुरे आहे.