विजेटवर लिहिलं मी, फोन गेला रूपालीचा

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं नुसतं तापलंय.

माझी शाळेपासूनची मैत्रीण रूपाली रविवारी आटपाडीहून माहेरी, वाईला आली होती. तेव्हा आम्ही दोघींनी फोनवर एक विजेट सुरू केलं. एकीनं बोटानं काही लिहिलं किंवा चित्र काढलं, की दुसरीच्या स्क्रीनवर आपोआप दिसतं. "लय भारी गं!" म्हणत तिनं लगेच माझ्या फोटोला मिशा काढल्या.

आज सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिची मुलाखत होती. सासरी सांगितलं नव्हतं. मी सकाळी विजेटवर लिहिलं, "मुलाखतीला शुभेच्छा!" तिचा फोन सासरी बाहेरच्या सोप्यात चार्जिंगला होता. सासऱ्यांनी वाचलं.

फोनला लॉक ठेवलेलं त्या घरात चालत नाही, हे मला आज कळलं. त्यांनी तिच्याच फोनवरून मला झापलं, "आमच्या सुनंला फूस लावतीस व्हय? ती कुटं जाणार न्हाई."

"आवं मामा, ती शिकलेली आहे, नोकरी केली तर बिघडलं काय?" एवढं म्हणेपर्यंत फोन कट.

मुलाखत हुकली. फोन अजून त्यांच्याकडेच आहे.

संध्याकाळी तिनं शेजारणीच्या फोनवरून फोन केला. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "तू गप गं. आता म्होरच्या मुलाखतीला मी त्यांच्या तोंडावर सांगून जाणार हाय."

न विचारता लिहिलं, ही माझी चूक. पण मला सांगा, मुलाखतीला जाणं ही चोरी कधीपासून झाली?