मिठागरावरचा पिवळा

माझ्या मुलीने रंगाची वडी ओली केली आणि गोंदाचा तो जुना वास आला.

माझे बाबा नकाशे रंगवायचे. त्या दिवशी राई गावातल्या आमच्या घरी, खिडकीशी बसून ते आमच्याच गावाच्या नव्या नकाशात रंग भरत होते. भातशेतीला हिरवा, खाडीला निळा, इमारती होणार तिथे पिवळा. पिवळा ब्रश आमच्या मिठागरापाशी आला, तसे आजोबा म्हणाले, "मंग आपला आगर न्हाय ऱ्हेनार?"

बाबा ब्रश पुन्हापुन्हा पाण्यात बुडवत राहिले; तिथला पिवळा फिका होत गेला. मला वाटलं, रंग संपत आलाय.

आज आमची बिल्डिंग त्याच मिठागरावर आहे. मुलीच्या चित्रातली बिल्डिंग मी रंगवायला घेतली, तर ती म्हणाली, "बाबा, पिवळ्यात एवढं पाणी का घालतोयस?"