गिअरबॉक्स उघडणारा माणूस

तळोद्याच्या नाक्यावरचा तो मेकॅनिक बोलण्याआधी ऑइलचा वास घेतो. दोन बोटांवर थेंब घासतो, नाकाशी नेतो, आणि गाडीवाला कितीही घाईत असला तरी तोवर एक शब्द काढत नाही.

मी काठी गावाकडच्या शाळेत शिकवते. लहानपणापासून डाव्या पायात जोर नाही, म्हणून क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती घाटात ओढेनाशी झाली. इंजिन नुसतं ओरडायचं. शोरूमवाल्यांनी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला, आणि नवा यायला तीन महिने. तोवर मी शाळेत जाणार कशी?

त्याने वास घेतला. "प्लेटा जळेल शेतस, ताई. बाकी डबा साजरा शे. नवा नको, हाऊच बांधसू."

"असा कधी बांधलाय?"

"नही. पन उघडसू तं बांधसूच."

आठ दिवस त्याने दुसरी गाडी हातात घेतली नाही. निघेल त्या भागाचा फोटो काढून तो कापडावर ओळीने मांडत गेला, मग जळलेल्या प्लेटा बदलून त्याने तोच गिअरबॉक्स पुन्हा जोडला. नवव्या दिवशी मला शेजारी बसवून घाटात निघाला, डावा पाय सीटवर दुमडून. सगळ्यात उभ्या चढावर त्याने गाडी मुद्दाम थांबवली आणि पुन्हा काढली. ती सरळ वर चढली.

"पाय असा का घेतलाय?" मी विचारलं.

"तुम्ही चालाडतस तशीच चालाडी दखी."

मग मुंग्या आलेला पाय झटकत तो खाली उतरला. "आते तुम्ही चालाडा. मी बठस."

उरलेला घाट मी चढवला. तो खिडकीबाहेर डोंगर बघत होता. गिअरकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.