हळदीच्या पाट्यावरचा मुद्देमाल

निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मी सांगतोही, पोलिसाला तेवढा मसाला पुरवावाच लागतो. पण दुपारी आरामखुर्चीत पडलो असताना आपोआप आठवते ती खाप्याकडची दगडाची चौकशी, आणि मी एकटाच हसायला लागतो. मग बायको आतून ओरडते, "आला वाटतं तुमचा तो दगड पुन्हा!"

त्या वेळी मी नागपूर ग्रामीणमधल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कन्हानच्या त्या पट्ट्यात जमिनीखाली मँगनीज सापडतं. ते कुठे आणि किती खोल आहे हे पाहण्यासाठी एका कंपनीने शिवारात ड्रिलिंगचा कॅम्प टाकला होता. यंत्राचा पोकळ पाइप फिरत फिरत खाली जातो आणि दगडाचा गोल दांडा कापून वर आणतो. मनगटाएवढा जाड, गुळगुळीत. त्याला कोअर म्हणतात. हे तुकडे ज्या क्रमाने वर येतात त्याच क्रमाने पत्र्याच्या पेट्यांत मांडतात आणि त्यावर निळ्या रंगाने बाण काढून खोली लिहितात. जमिनीच्या पोटात काय आहे, ते या पेट्यांवरून कळतं.

एका सकाळी कॅम्पचा मॅनेजर आणि कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञ मॅडम ठाण्यात आले. मॅनेजर घामाघूम. मॅडम तिशीच्या आतल्या, पायात चिखलाचे बूट, शांत. मॅनेजरने टेबलावर अर्ज आपटला.

"साहेब, आमचं कोअर बदललंय. पेटीतला अस्सल तुकडा गायब आणि त्या जागी भलताच दगड! दुसऱ्या कंपनीची टोळी आहे. आमचा अहवाल बिघडवायचा डाव आहे. दगडाला केमिकलसुद्धा लावलंय."

"केमिकल लावलंय हे कशावरून?"

मॅनेजरने मॅडमकडे पाहिलं. मॅडम जरा लाजल्या. "सर, दगड ओला केला की त्याचे कण नीट दिसतात. हाताशी पाणी नव्हतं, म्हणून मी जीभ लावली. आम्ही लावतो कधी कधी. तर दगड तिखट लागला."

"तिखट?"

"जाळच झाला तोंडाचा. आणि लसणाचा वास."

माझा ठाणे अंमलदार डायरी लिहिता लिहिता खोकल्याचं निमित्त काढून बाहेर पळाला. मी मिशीवर हात ठेवून गंभीर चेहरा केला. पण मॅडमचं पुढचं बोलणं हसण्यासारखं नव्हतं. हरवलेला तुकडा बरोबर मँगनीजच्या थराला लागून आलेला होता. तो मिळाला नाही तर त्या बोअरवर कुणी विश्वास ठेवणार नाही, ते पुन्हा खोदावं लागेल आणि कॅम्पमधल्या सगळ्या माणसांवर संशय राहील. मॅनेजर म्हणाला, "ज्याने केलं त्याला मी जेलमध्ये पाठवणार." मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि डायरीत नोंद केली. गुन्हा दाखल करण्याआधी निदान दगड तरी पाहावा, असं माझं मत पडलं.

खबर मिळायला वेळ लागला नाही. खाप्यात एक पानठेलेवाला होता. रस्त्यावरून कोण, कुठे, कशासाठी गेलं ते त्याला माहीत नसलं तर त्याला जेवण जात नसे. तो म्हणाला, "साहेब, कॅम्पातला थो उमरेडचा पोट्टा हाये नं, हेल्पर? त्यानं गमछ्यात लांबट काहीतरी बांधून नेलं, नदीपल्याडच्या गावाकडं. पण मजा अशी का, थो नेते बी अन् आणते बी!"

"म्हणजे?"

"पहिले तिकडून एक घेऊन आला, मंग इकडून एक घेऊन गेला. वजनदार होतं जी. गाडी डुगडुगून राहिली होती."

चोर माल नेतो हे मी आयुष्यभर पाहिलं. पण तसलाच माल परत आणून ठेवणारा चोर माझ्या नोकरीत पहिलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हेल्परला चौकशीसाठी बोलावलं.

पंचविशीचा, काटक पोरगा होता. घरचे उमरेडचे विणकर. बापाचा माग कधीच बंद पडला आणि पोरगा ड्रिलिंगवर लागला. नवा कोरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. मी विचारलं, दगड नेलास का? तो म्हणाला, "मले काही माहीत नाही जी." कुणी नेला? "मले काही माहीत नाही जी." हवालदाराने आवाज चढवला तरी तेच. पण माणूस खोटं बोलताना दरवाज्याकडे पाहतो, हा सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. आणि इतका कासावीस होऊन पाहत होता की मलाच अस्वस्थ वाटायला लागलं.

"अबे, गाडी पकडायची आहे का तुला?"

त्याने मान खाली घातली. "साहेब, आज माही हळद हाये."

हवालदाराचा चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला. आमच्या महिला पोलीस शिपाई म्हणाल्या, "अगं बाई!" बाहेर बाकावर एक म्हातारा मघापासून डबा धरून बसला होता. तो नवरदेवाचा बाप निघाला. मुलीचं गाव नदीपल्याड, हळद आणि लग्न तिच्याच मांडवात. मुलीच्या वडिलांनी पोराची नोकरी पाहून होकार दिला होता. नोकरी गेली, त्यात वर पोलिसांत नाव आलं, तर मांडव उतरायला कितीसा वेळ लागतो? पोरगा घड्याळाकडे पाहत होता, तो उगाच नव्हे.

मला राग आला. त्याचा नाही, त्या परिस्थितीचा. मी चहा मागवला. माझी एक सवय होती. माणूस गुन्ह्यावर बोलत नसेल तर त्याला त्याच्या कामावर बोलतं करायचं. आपल्या कामाबद्दल गप्प बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"हेल्परचं काम म्हणजे नेमकं काय रे? पाणी आणायचं?"

झालं! पोरगा खुर्चीत ताठ बसला. "पाणी? साहेब, हेल्पर नसन तं मशीन एक हात खाली जात नाही." मग तो उठलाच. टेबलावरचा रूळ उचलून रॉड कसा जोडायचा ते दाखवलं. पाइप वर आला की त्यावर हातोडीने हलके ठोके मारून कोअर कसं बाहेर घ्यायचं, उलटसुलट न होऊ देता पेटीत कसं मांडायचं, ते सगळं माझ्या पेनांवर करून दाखवलं. बाप दारातून कौतुकाने पाहत होता. "अन् साहेब, मशीन चालवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, पेटीत रिकामी जागा दिसली नाही पाहिजे. एखादा तुकडा कमी पडला तं त्याच्या जागी..."

तो थांबला. रूळ हातातच राहिला.

"त्याच्या जागी काय?"

"लाकडाचा ठोकळा ठेवायचा असते."

"आणि तू काय ठेवलंस?"

तो मटकन खाली बसला. "ठोकळा ठेवला असता तं लगेच दिसलं असतं जी. म्हणून दगड ठेवला. तिचा वापस आलेला."

"कुणाचा वापस आलेला?"

"माह्या होणाऱ्या बायकोचा."

मग सगळं बाहेर आलं. त्या मशीनवरच्या लोकांची एक रीत होती. कुणाचंही लग्न ठरलं की बाजूला टाकलेल्या कोअरच्या ढिगातून एक चांगला दांडा निवडायचा आणि नवरीकडे पाठवायचा. वरवंटा म्हणून! आयता गोल, आयता घासलेला. नदीपल्याडच्या त्या गावात याआधी ड्रिलरांच्या बऱ्याच सोयरिकी झालेल्या, त्यामुळे घरोघरी मशीनचे वरवंटे. ज्या पोरीला तो आला नाही, तिला मैत्रिणी चिडवायच्या. यानेही ढिगातला एक पाठवला. पण या वेळचा ढीग होता वरच्या भुसभुशीत दगडाचा.

"तिनं लसणाची चटणी वाटली अन् फोन केला मले. म्हणे, काहून जी, तुमचा दगड मिरची वाटत नाही, थो सोताच वाटल्या जाते! चटणी खाल्ली तं दाताखाली कचकच. माह्या मोठ्या आईनं तुमाले नावं ठेवली."

"मग?"

"मंग काय साहेब! इज्जतीचा सवाल झाला. पेटीत एक टणक, अखंड तुकडा दिसून राहिला होता. तिचा आणून पेटीत ठेवला, अन् थो तिले नेऊन देला. तिचा धुवाचा राहून गेला."

हवालदार भिंतीकडे तोंड करून गदगद हलत होता. मी म्हणालो, "मग सकाळपासून तोंडाला कुलूप कशाला लावलंस?"

"सांगतलं असतं तं मशीनवरच्या सगळ्याइच्या घरचे वरवंटे तुम्ही जप्त केले असते. त्याइनं का गुन्हा केला?"

मी मॅनेजरला फोन लावला. मॅडमना त्या पेटीतले शेजारचे तुकडे घेऊन थेट मांडवात यायला सांगितलं आणि नवरदेवाला त्याच्या बापासकट जीपमध्ये बसवून आम्ही निघालो.

मांडवात पोलिसांची जीप शिरली तसा वाजत असलेला बँड सुरातच गळाठला. मुलीचे वडील हात जोडून पुढे आले. मी घाईने म्हणालो, "नवरदेव आणून सोडायला आलो, बाकी काही नाही." ओसरीवर बायकांचा घोळका होता. मध्ये पाटा, पाट्यावर हळद, आणि नवरीची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, जो वरवंटा दाबून फिरवत होती त्याच्या टोकाला, हळदीच्या थरातून, निळा बाण डोकावत होता.

"मावशी, तो वरवंटा जरा पाहावा लागेल."

तिने मान वर केली नाही. "पाहाल नं. पण हळद पाट्यावर पडली का मधातच वरवंटा उचलत नसते साहेब. पुरी वाटून होऊ द्या. बसा, चहा घ्या. ए पोट्टीओ, साहेबाले खुर्ची द्या वं!"

माझ्या सबंध नोकरीत मुद्देमालाने मला असं ताटकळत ठेवलं नव्हतं. मी बसलो. मॅनेजर आला, तोही बसला. मॅडम मात्र थेट बायकांत जाऊन मांडी घालून बसल्या आणि कोपरापर्यंत पिवळ्या झाल्या.

हळद संपली. मोठ्या आईने दगड धुतला आणि मॅडमच्या हाती दिला. मॅडमनी सोबत आणलेला शेजारचा तुकडा काढला. दोन्ही तुकड्यांची मोडलेली टोकं एकमेकांसमोर धरली, जरा फिरवली आणि टक् आवाज करून ती एकमेकांत अशी बसली की मधली रेघही दिसेना. मॅडम म्हणाल्या, "हाच. वेडावाकडा असा मोडलाय की दुसरा इथे बसणारच नाही. सर, बोअर वाचलं आपलं." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. बँडवाल्यांना वाटलं आपल्यालाच इशारा आहे.

मॅनेजरचा पारा मात्र उतरला नव्हता. "साहेब, चोरी ती चोरी. गुन्हा दाखल करा. याला मी आजच घरी बसवतो."

पोराने नवरीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तोंडावर आणलेलं हसू तसंच अडकून राहिलेलं. मला ते पाहवेना.

मी खिशातून पेन काढलं. "जरूर करतो. सांगा फिर्याद. तुम्ही टोळीचं लिहिलं होतं, ते खोडू. केमिकलचं काय करायचं? तिथे 'लसणाची चटणी' लिहावं लागेल. मॅडमचा जबाब लागेल, दगड चाटल्याचा. मावशींचा लागेल, हळदीचा. तुमचं हेड ऑफिस वाचेल, कोर्टात मोठ्याने वाचलं जाईल. चालतंय ना?"

मॅनेजरच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि तो असा हसत सुटला की खुर्ची मागे कलंडली. तेवढी संधी साधून मोठ्या आईने त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली. त्यानंतर कसली फिर्याद! वस्तू परत मिळाली, तक्रार नाही, असा जबाब त्याने दिला. सही करताना त्याच्या बोटांची हळद कागदाला लागली. पोराला त्याने सगळ्यांसमोर झापलं, पण सोमवारी कामावर ये म्हणून सांगितलं.

नवरीचा पाटा मात्र आता वरवंट्याविना पडला. मॅडमच्या ते बरोबर लक्षात आलं. जीप घेऊन त्या कॅम्पवर गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या त्या एक दांडा घेऊन. जुन्या ढिगातला, नको असलेला, पण हातोडीने ठोकून ठोकून निवडलेला. नवरीच्या हातात देऊन म्हणाल्या, "हा झिजणार नाही, माझी गॅरंटी." त्या पोरीने त्यांना मिठीच मारली.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, आधी हेतू शोधा. लोभ, सूड, मत्सर, भूक, असे हेतू मी पुढे शेकडो वेळा शोधले आणि ते सापडलेही. होणाऱ्या बायकोच्या चटणीत कचकच येऊ नये, हा हेतू कुठल्या पुस्तकात नव्हता. त्या दिवसापासून समोर कुणीही आरोपी बसला की मी मनात म्हणायचो, याच्या घरी कोण काय वाटत बसलं असेल ते आधी विचार. पुष्कळदा उत्तर वाईटच मिळालं. पण विचारायचं मी सोडलं नाही.

तो हेल्पर आता मशीनचा उस्ताद आहे. गेल्या दिवाळीत बायको-मुलीला घेऊन माझ्या घरी आला होता. सोबत बरणी. नागपूरला सीताबर्डीच्या बाजारातून मुलीसाठी कपडे घेऊन दमलेली असूनही ती बाई आल्याआल्या स्वयंपाकघरात गेली, भाकरीवर चटणी वाढून आणली आणि समोर उभी राहिली.

"साहेब, खाऊन पाहा. अन् खरं सांगजा."

मी मोठा घास घेतला. कान लाल झाले, कपाळाला घाम सुटला. पण सावकाश, तपास केल्यासारखं चावून पाहिलं. दाताखाली एक कणही आला नाही.

"काही नाही," मी म्हणालो. तेव्हा नवऱ्याकडे वळून तिने ज्या ऐटीत मान उडवली, ती पाहून तो उस्ताद अजूनही हळदीच्या दिवशीसारखाच लाजला.